बीफ न खाणाऱ्या दोघींनी गल्लीतल्या बर्गरच्या दुकानात जायचं, तर

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीत नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचे पहिले काही आठवडे न्यूअर्क अव्हेन्यूवरच जातात. जर्नल स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की इंडिया स्क्वेअर लागतो. डोसा, चाट, मिठाई, किराणा, सगळं तिथे आहे. पण राहत्या घराच्या कोपऱ्यावर बहुतेक वेळा एक बर्गरचं दुकान असतं. संध्याकाळी त्याच्या दारातून भाजलेल्या कांद्याचा वास येतो आणि आपण रोज त्याच्यासमोरून चालत घरी जातो. आत आपल्याला खाण्यासारखं काय असेल, हे विचारायचं कुणाला आणि कसं, तेच कळत नाही.

मी चिकन आणि अंडं खाते, बीफ-पोर्क खात नाही. माझी मैत्रीण सांगलीची, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. अशा दोघींनी बर्गरच्या दुकानात जावं कशाला, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. कारण साधं आहे. ऑफिसातले, कॉलेजातले लोक तिथेच भेटायला बोलावतात, आणि आपण ज्या वस्तीत राहतो तिथल्या दुकानात आपल्याला मोकळेपणाने बसता यावं असं वाटतं.

आमची सुरुवात वाईट झाली होती. पहिल्याच वर्षी एका डायनरमध्ये (टेबलावर बसून खायच्या साध्या हॉटेलात) आम्ही ‘डिस्को फ्राइज’ मागवल्या. न्यू जर्सीचा हा लाडका पदार्थ: बटाट्याच्या फ्राइज, त्यावर वितळलेलं मोझरेला चीज आणि तपकिरी ग्रेव्ही. बटाटा आणि चीज, म्हणजे शाकाहारी, असं आम्ही धरून चाललो. अर्धी ताटली संपल्यावर शेजारच्या टेबलावरच्या आजींनी सहज सांगितलं की ही ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. मैत्रिणीने काटा खाली ठेवला. काही बोलली नाही, नुसतं पाणी प्यायली. तो चेहरा मी विसरलेले नाही. दुकानाची त्यात काही चूक नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं. त्यानंतर आम्ही विचारायला शिकलो. काय विचारायचं आणि कुठल्या क्रमाने, ते इथे लिहिते आहे.

पायरी १: दुकान कुठल्या जातीचं आहे ते बाहेरूनच ओळखा

गल्लीतली बर्गरची दुकानं ढोबळमानाने तीन प्रकारची.

पहिला प्रकार जुन्या काउंटरचा. एक लोखंडी तवा, त्याच्याभोवती स्टुलं, आणि छोटे छोटे बर्गर, ज्यांना ‘स्लायडर’ म्हणतात. जर्सी सिटीतच टॉनेली अव्हेन्यूवर ‘व्हाइट माना’ आहे. त्याची गोल इमारत १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात होती आणि १९४६ मध्ये इथे आली, अशी तिची ख्याती. तिकडे हॅकेन्सॅक शहरात ‘व्हाइट मॅना’ म्हणून तिचीच जवळची बहीण आहे. अशा ठिकाणी मांसाचा गोळा कांद्यासकट तव्यावर दाबतात आणि बटाट्याच्या पिठाचा मऊ बन त्याच मांसावर ठेवून वाफवतात. म्हणजे बनसुद्धा बीफच्या वाफेवरच तयार होतो. पूर्ण शाकाहारी माणसाने इथे जेवायच्या अपेक्षेने जाऊ नये. बघायला मात्र जरूर जा. कारागिराचा हात तव्यावर कसा चालतो ते स्टुलावर बसून दिसतं. आपल्याकडे वडापावच्या गाडीसमोर उभं राहून कढईकडे बघतो ना, तोच आनंद.

दुसरा प्रकार डायनरचा. टेबलं, भलामोठा मेनू, ऑर्डर घ्यायला माणूस. नवख्यांसाठी हा सगळ्यांत सोपा, कारण ऑर्डर घेणाऱ्याकडे बोलायला वेळ असतो, आणि बर्गर नाहीच जमला तरी ग्रिल्ड चीज (तव्यावर भाजलेलं चीज सँडविच), सॅलड, पॅनकेक असे पर्याय असतात. (पॅनकेकमध्ये अंडं असतं, हे लक्षात असू द्या.)

तिसरा प्रकार नव्या पद्धतीच्या ‘स्मॅश बर्गर’च्या दुकानांचा. काउंटरवर ऑर्डर, पडद्यावर नाव, पाच-सहाच पदार्थ. मांसाचा गोळा तापलेल्या तव्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात जोराने चपटा करतात, त्यामुळे कडा कुरकुरीत आणि तपकिरी होतात. अशा बहुतेक ठिकाणी निदान एक शाकाहारी पॅटी (बनमध्ये ठेवायची टिक्की) असते. पण तवा एकच असतो, आणि खरी अडचण तिथे आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

जर्सी सिटीत हलाल बर्गरची दुकानंही आहेत. पाटीवरच तसं लिहिलेलं असतं.

पायरी २: मेनू घरी बसून, मैत्रिणीबरोबर वाचा

हे काउंटरसमोर करू नका. मागे रांग असली की माणूस घाबरून पहिलं दिसेल ते मागवतो. मेनू बहुतेक दुकानांचा फोनवर सापडतो. वाचताना हे शब्द फसवतात:

‘बर्गर’ म्हणजे इथे बीफच. ‘हॅम्बर्गर’मध्ये हॅम (डुकराचं मांस) नसतं, नाव हॅम्बुर्ग शहरावरून आलं, मांस गाईचं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ‘बर्गर’ म्हटलं की आधी आलू टिक्की किंवा चिकन डोळ्यांसमोर येतं, इथे तसं नाही. मेनूवर नुसतं ‘क्लासिक’ किंवा ‘हाउस बर्गर’ लिहिलं असेल तर ते बीफ समजा.

आपण ज्याला चिकन बर्गर म्हणतो, त्याचं इथलं नाव ‘चिकन सँडविच’. ही गोष्ट मला कळायला दोन महिने लागले. बर्गरच्या यादीत चिकन शोधत बसायचे, आणि ते खाली सँडविचच्या यादीत असायचं. ‘चिकन बर्गर’ असं लिहिलं असेल तर ती चिकनच्या खिम्याची पॅटी असते. ‘टर्की बर्गर’ (टर्की या पक्ष्याच्या मांसाचा) हाही बीफ न खाणाऱ्यांना चांगला पर्याय आहे; चव थोडी फिकी, म्हणून त्यावर तिखट काहीतरी मागून घ्या, हालापेन्यो मिरची बहुतेकांकडे असते.

‘पिकल’ म्हणजे आपलं लोणचं नव्हे. ती मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात मुरवलेली काकडी. ‘चिप्स’ म्हणजे पाकिटातले वेफर्स; तळलेल्या बटाट्याच्या कांड्या हव्या असतील तर ‘फ्राइज’ म्हणायचं.

वजन पाउंडात असतं. ‘क्वार्टर पाउंड’ म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, ‘थर्ड पाउंड’ म्हणजे १५१ ग्रॅमच्या आसपास. दोघींत एक मोठा बर्गर आणि एक फ्राइज पुरतात. दुकानाला अर्धा कापून द्यायला सांगितलं तर आनंदाने देतात.

शाकाहारी पॅटीचे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखणं फार महत्त्वाचं. एक मांसासारखी दिसणारी: ‘इम्पॉसिबल’ आणि ‘बियाँड’ ही दोन नावं सगळीकडे दिसतील. दोन्हींत अंडं नाही, दूधही नाही. बियाँडमध्ये मुख्यतः वाटाण्याची प्रथिनं आहेत. इम्पॉसिबल सोयाबीनची, आणि तिच्यात ‘हीम’ नावाचा घटक असतो, जो सोयाबीनच्या मुळांत सापडतो आणि आता यीस्टकडून तयार करून घेतात. त्याच्यामुळे पॅटी आतून लालसर दिसते आणि चव मांसाच्या जवळ जाते. माझ्या मैत्रिणीने पहिला घास घेतला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. ‘अगं, हे खरंच मटण आहे. बघ तू.’ नव्हतं. पण तिला तो लालसरपणा आणि ती चव शेवटपर्यंत रुचली नाही, आणि तिने ते खावंच असा काही नियम नाही. जन्मभर मांस न खाल्लेल्या माणसाला मांसाची नक्कल कशाला हवी?

दुसरा प्रकार डाळी-भाज्यांच्या पॅटीचा: काळा घेवडा, मशरूम, बीट, भात. आपल्या जिभेला हीच ओळखीची वाटते. पण या घरगुती पॅट्यांमध्ये मिश्रण बांधून ठेवायला पुष्कळदा अंडं घालतात. म्हणजे मांसासारखी दिसणारी पॅटी बिनअंड्याची, आणि भाजीची दिसणारी पॅटी अंड्याची, असा उलटा प्रकार घडू शकतो. विचारल्याशिवाय कळत नाही.

पायरी ३: वेळ निवडा

दुपारी दोन ते चार. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, तवा मोकळा असतो, काउंटरमागचा माणूस बोलतो. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता पहिल्यांदा जाऊन पाच प्रश्न विचारणं त्याच्यावरही अन्याय आहे आणि आपल्यावरही.

पायरी ४: विचारा. याच पायरीवर सगळं अवलंबून आहे

आपल्याला विचारायला संकोच वाटतो. ‘उगाच नखरे’ असं समोरच्याला वाटेल, ही भीती. माझा इतक्या वर्षांचा अनुभव उलटा आहे. इथे लोकांना ॲलर्जी, आहार, धर्म अशा कारणांनी प्रश्न विचारले जाण्याची सवय आहे, आणि नीट विचारलं तर आत जाऊन डबा उलटून त्यावरचे घटक वाचून सांगणारी माणसं मला भेटली आहेत.

आधी स्वतःविषयी सांगा, आणि पूर्ण सांगा. नुसतं ‘आय ॲम व्हेजिटेरियन’ अपुरं आहे. इथल्या बहुतेक शाकाहाऱ्यांना अंडं चालतं, त्यामुळे समोरचा तेच गृहीत धरतो. ‘व्हीगन’ म्हटलं तर दूध, लोणी, चीज सगळं काढून टाकतो. माझी मैत्रीण आता एकच वाक्य म्हणते: ‘नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग्ज. मिल्क अँड चीज आर फाइन.’ हे वाक्य पाठ करा. ॲलर्जी नसताना ॲलर्जी आहे असं मात्र सांगू नका. त्याने स्वयंपाकघरात सगळं काम थांबवून भांडी-चाकू बदलतात, आणि खरी ॲलर्जी असलेल्यांच्या शब्दाची किंमत कमी होते.

मग एकेक करून विचारा:

पॅटीत अंडं आहे का? बनमध्ये? चकचकीत, पिवळसर, गोडूस ‘ब्रिओश’ बनमध्ये बहुतेक वेळा अंडं असतं. पोटॅटो रोल किंवा साधा बन बदलून देता का, असं विचारा. पोटॅटो रोल हातात घेतलात तर लादीपावाची आठवण येईल, तितकाच मऊ.

सॉसमध्ये काय आहे? ‘स्पेशल सॉस’ म्हणजे बहुतेक वेळा मेयोनीज, म्हणजे अंडं. वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे मासे असतात. केचप आणि मस्टर्ड दोन्ही सुरक्षित. शंका आली की तेवढ्यावरच थांबा.

फ्राइज कशात तळता? हा प्रश्न दोन तुकड्यांत विचारा. तेल कुठलं, आणि त्याच कढईत चिकनही तळता का? काही ठिकाणी फ्राइज गाईच्या चरबीत तळतात, त्याला ‘बीफ टॅलो’ म्हणतात, आणि अलीकडे काही दुकानं अभिमानाने पुन्हा तिकडे वळली आहेत. हा प्रश्न आपल्या लोकांच्या वतीने आधीच न्यायालयात जाऊन आलेला आहे. मॅकडॉनल्ड्सने १९९० मध्ये अमेरिकेत चरबी सोडून वनस्पती तेल वापरायला सुरुवात केली, पण फ्राइजना बीफचा स्वाद देणारा घटक तसाच राहिला. २००१ मध्ये सिएटलच्या एका भारतीय वंशाच्या वकिलांनी शाकाहाऱ्यांच्या आणि हिंदूंच्या वतीने दावा लावला, त्याचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले, आणि पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. तेव्हा फ्राइज म्हणजे बटाटाच की, असं म्हणून प्रश्न सोडून देऊ नका.

शेवटचा प्रश्न तव्याचा. ‘कॅन यू कुक इट इन अ सेपरेट पॅन?’ शाकाहारी पॅटी त्याच तव्यावर, त्याच उलथन्याने भाजली तर बीफची चरबी तिला लागते, आणि बनही तिथेच शेकतात. काही दुकानं वेगळं पॅन वापरतात, काही तव्याचा एक कोपरा खरवडून देतात, काही सरळ नाही म्हणतात. सरळ नाही म्हणणाऱ्यांचा मला आदर वाटतो. आपण कुठे उभ्या आहोत ते निदान कळतं. कोपरा खरवडलेला चालतो की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझ्या मैत्रिणीला चालत नाही. तशा वेळी ती ग्रिल्ड चीजही घेत नाही, कारण तेही त्याच तव्यावर होतं. सॅलड आणि शेक घेते, आणि आम्ही तरीही तासभर बसतो.

चीजबद्दल एक बारीक गोष्ट. काही चीज वासराच्या पोटातल्या ‘रेनेट’ने विरजतात. इथलं बरंचसं चीज आता सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, पण वेष्टनावर बहुतेकदा नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहितात. काउंटरवरच्या माणसाला हे सांगता येत नाही. ज्यांना याचं सोवळं आहे त्यांनी चीज नको म्हणावं.

पायरी ५: ऑर्डर

‘फॉर हिअर ऑर टू गो?’ हा पहिला प्रश्न इतक्या झटकन येतो की तो एकच शब्द वाटतो. इथे बसून खाणार की नेणार, एवढंच विचारतात. मग नाव विचारतात. आपली नावं हाकेत ओळखू न येण्याइतकी बदलतात, म्हणून नावाचा दोन अक्षरांचा तुकडा सांगा आणि पावतीवरचा क्रमांकही बघून ठेवा.

‘एव्हरीथिंग ऑन इट?’ याला घाईत हो म्हणू नका. त्या ‘एव्हरीथिंग’मध्ये सॉस आलाच, आणि काही ठिकाणी बेकनसुद्धा, म्हणजे डुकराचं मांस.

मैत्रीण-मैत्रीण वेगवेगळं खात असाल तर ऑर्डर वेगळ्या ताटल्यांत मागा, आणि फ्राइजची वाटी शाकाहारी मैत्रिणीच्या बाजूला ठेवा. लहान गोष्ट आहे. पण बीफ-चिकनचे हात लागलेली वाटी पुढे आली की तिला ‘नको’ म्हणायला लागतं, आणि दर वेळी नको म्हणणाऱ्या माणसाला शेवटी यावंसंच वाटत नाही.

पाणी ‘टॅप वॉटर’ म्हणून मागितलं की फुकट मिळतं, बर्फाने भरलेलं. बर्फ नको असेल तर आधीच सांगा.

जे बीफ खातात त्यांना भाजणी विचारतील: रेअर (आतून कच्चं), मीडियम (मध्यम), वेल-डन (पूर्ण भाजलेलं). स्टेकचं, म्हणजे मांसाच्या अख्ख्या तुकड्याचं, एक असतं, खिम्याचं दुसरं. खिमा करताना वरच्या थरावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात कच्च्या राहिलेल्या बर्गरमधून ई-कोलाय नावाच्या जंतूची साथ पसरून चार मुलं दगावली होती. इथलं कृषी खातं बीफचा खिमा आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत, आणि चिकन-टर्की ७४ अंशांपर्यंत शिजवायला सांगतं. पहिल्या भेटीत ‘वेल-डन’ म्हणा.

पायरी ६: खा

गरम असतानाच. फोटो एक पुरे. बर्गर उलटा धरलात तर खालचा भिजलेला बन फाटत नाही, कारण वरचा बन जाड असतो.

पायरी ७: बिल

मेनूवरची किंमत करासकट नसते. न्यू जर्सीत त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो. टेबलावर माणूस वाढायला आला असेल तर १८ ते २० टक्के टिप द्यायची, आणि ही गोष्ट मनापासून पटवून घ्यायला हवी, कारण आपल्याला सुरुवातीला ती जड जाते. टिप घेणाऱ्या कामगारांसाठी केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. न्यू जर्सीत ते त्याहून जास्त आहे, तरी वाढप्याच्या घरी जाणारा पैसा मुख्यतः टिपेचाच.

हिशेबाची सोपी युक्ती: पावतीवरच्या कराची तिप्पट करा. ३० डॉलरचं खाणं, कर १.९९ डॉलर, त्याची तिप्पट सुमारे ६ डॉलर. झाले २० टक्के. एकूण साधारण ३८ डॉलर, म्हणजे दोघींत १९-१९. मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच धरलेली असू शकते. ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द शोधा.

काउंटरवर ऑर्डर दिली असेल तर पडदा फिरवून समोर आणतात आणि त्यावर १८, २०, २५ असे आकडे असतात. तिथे टिप ऐच्छिक आहे. पण कुणी तुमच्यासाठी वेगळं पॅन घासून काढलं असेल, तर दोन डॉलर ठेवाच.

बिल वेगळं हवं असेल तर ऑर्डर देण्याआधी ‘सेपरेट चेक्स’ म्हणा. ‘मी देते, नाही मी देते’ हे काउंटरवर करू नका, मागचे खोळंबतात. नव्याने आलेल्या मैत्रिणीचं अजून बँक खातं उघडलेलं नसेल तर रोखीने देऊ द्या. न्यू जर्सीत २०१९ पासून दुकानदारांना रोख नाकारता येत नाही.

पायरी ८: उरलं तर

‘कॅन आय गेट अ बॉक्स?’ म्हटलं की डबा मिळतो. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. सॅलडची पानं आणि टोमॅटो काढून मगच ठेवा, नाहीतर सकाळी सगळा बन ओला होतो. फ्राइज मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. घरचा लोखंडी तवा चांगला तापवा, तेल न घालता फ्राइज पसरा, चार मिनिटं हलवत राहा, आणि उतरवताना वरून थोडं तिखट-मीठ आणि चिमूटभर आमचूर भुरभुरवा. माझी मैत्रीण यासाठीच हल्ली मोठी वाटी मागवते.